जागृती कोणाची करावयाची?

शेतीविषयक परिसंवाद मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात भरो की एखाद्या कृषी विद्यापीठाच्या प्रांगणात, एक वाक्य त्यात हमखास ऐकावयास मिळते: तंत्रज्ञान दाराशी येऊन उभे आहे, परंतु शेतकऱ्यांत जागृती नाही. वक्ता हे वाक्य खेदपूर्वक उच्चारतो, श्रोते खेदपूर्वक माना डोलावतात आणि जागृतीसाठी आणखी एक अ‍ॅप काढण्याचा संकल्प सोडून सभा विसर्जन पावते. हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते खरे आहे की खोटे, हे पडताळून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. आमच्या मते ती पडताळणी केली पाहिजे. ह्या एका वाक्याच्या आधारावर राज्यात कोट्यवधी रुपयांच्या योजना उभ्या राहत आहेत. आणि निदानच चुकले असेल तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार व्हावयाचा.

शेतकऱ्यासाठी निर्माण झालेल्या अ‍ॅपांची संख्या अल्प आहे, असे तर कोणीच म्हणणार नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने 'किसान सुविधा' आणले. पाठोपाठ १४ एप्रिलला बाजार समित्यांना एका जाळ्यात गुंफू पाहणारे 'ई-नाम' सुरू झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये हवामानाचा सल्ला देणारे 'मेघदूत' अवतरले. (नाव ठेवणाऱ्याची रसिकता मान्य केली पाहिजे, मात्र कालिदासाच्या यक्षाचा निरोप एकाच पत्त्यावर पोहोचवावयाचा होता, येथे तो जिल्हाभर वाटावयाचा आहे.) १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' लागू झाली. पीकविम्याचे अ‍ॅप वेगळे, अनुदानाच्या अर्जासाठी 'महाडीबीटी' वेगळे, 'अ‍ॅग्रीस्टॅक'चा शेतकरी ओळख क्रमांक वेगळा. आणि हा क्रमांक तर १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी बंधनकारकच करण्यात आला. २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे 'महाविस्तार' आले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण संमत करून त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. सॉफ्टवेअर ह्या शब्दास आमच्या पंडितांनी 'संगणक-प्रणाली', 'आज्ञावली' असे भारदस्त प्रतिशब्द दिले आहेत. खेड्याने त्यांतील एकही घेतला नाही. तेथे सर्वांस 'अ‍ॅप' एवढेच नाव आहे. शब्द खेड्यात पोहोचला आहे, म्हणजे वस्तूही पोहोचली आहे, असे मानावयास हरकत नाही.

मग जागृती नाही, ती कशाची? ज्या शेतकऱ्यास अजागृत म्हणावयाचे, तो सकाळी मोबाईल हाती घेऊन लासलगावचा कांदा काय भावाने निघाला हे पाहतो. कपाशीच्या पानावर डाग दिसला तर त्याचे छायाचित्र काढून तालुक्याच्या कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारास व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवितो, आणि दुपारपर्यंत त्यास उत्तर येते. ते उत्तर निर्मळ असतेच असे नाही. बहुधा त्याच्यामागून औषधाची एक बाटलीही येते. परंतु उत्तर येते. २००३ च्या सुमारास राष्ट्रीय नमुना पाहणीने देशातील शेतकरी कुटुंबांस, शेतीतील आधुनिक माहिती आपणांस कोठून मिळते, असे विचारले होते. सुमारे ६० टक्के कुटुंबांस ती कोठूनच मिळत नव्हती. ज्यांस मिळत होती त्यांचे पहिले आधार होते दुसरे प्रगतिशील शेतकरी आणि बी-खतांचे दुकानदार. दुकानदाराचे नाव सुमारे १३ टक्के कुटुंबांनी घेतले आणि सरकारी कृषी विस्तार कार्यकर्त्याचे सुमारे ६ टक्क्यांनी. त्यानंतर दोन दशके लोटली आणि हातात यंत्र आले. तरी त्या यंत्रातून शेतकरी आपला प्रश्न पाठवितो तो पूर्वीच्याच दुकानदाराकडे. हे अज्ञान नव्हे. जेथून उत्तर येते तेथे प्रश्न विचारावा, हा व्यवहार आहे.

ह्या कसोटीवर सरकारी अ‍ॅपे तपासली तर एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. त्यांतील बहुतेक अ‍ॅपे शेतकऱ्यास काही सांगण्यासाठी नसून त्याच्याकडून काही मागण्यासाठी आहेत. आधार क्रमांक द्या, खातेक्रमांक द्या, गट क्रमांक द्या, बांधावर उभे राहून छायाचित्र द्या, संमतीचा अंगठा द्या. जे काम पूर्वी सरकारचा पगारी नोकर करीत असे, त्यातील पुष्कळसे आता शेतकऱ्याच्या हाती सोपविण्यात आले आहे; आणि ते त्याने वेळेवर केले नाही म्हणजे त्यास अजागृत म्हटले जाते.

ई-पीक पाहणीचेच पाहा. तिच्यामागील कल्पना चांगली आहे, किंबहुना न्याय्य आहे. सात-बारातील सातव्या नमुन्यात जमिनीचा हक्क लिहिला जातो आणि बाराव्यात पीक. हे पीक पिढ्यान्‌पिढ्या तलाठी लिहीत आला. एका तलाठ्याकडे अनेक गावे असावयाची. शिवारात पाऊल न टाकता चावडीत बसूनच पाहणी उरकल्याच्या कथा महाराष्ट्रास नव्या नाहीत. गतवर्षी ऊस होता म्हणून यंदाही ऊस, असे लिहिले जावयाचे. ह्या जागी शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात उभे राहून आपले पीक आपल्या हाताने नोंदवावे, ही सुधारणाच होय, आणि तिचे श्रेय शासनास दिले पाहिजे.

तथापि पीक शेतात नेमके कोणत्या अवस्थेत आहे, शिवारात मोबाईलची रेंज आहे की नाही, आणि लाखो माणसे एकाच आठवड्यात नोंदीस आली असता यंत्रणेचा श्वास कोंडतो की नाही, ह्या तिन्ही गोष्टींवर ही सुधारणा अवलंबून आहे. मुदत संपत येते, अ‍ॅप फिरत राहते, ओरड होते आणि मुदतवाढ मिळते, हा क्रम आता ऋतुचक्राइतका नियमित झाला आहे. नोंद एवढ्यापुरती राहिली असती तरी आम्ही तिचा ऊहापोह केला नसता. परंतु ह्या एका नोंदीवर शेतकऱ्याच्या पदरी काय पडावयाचे ते ठरते. २०२३ च्या खरिपात कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्यांस हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे राज्य सरकारने २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा प्रारंभी अट होती ती ई-पीक पाहणीत नोंद असण्याची. सोयाबीन ज्याच्या शेतात होते, मळणी ज्याने केली, पडत्या भावाने बाजारात ज्याने विकले, अशा शेतकऱ्यास त्याचे पीक अ‍ॅपमध्ये नाही एवढ्यासाठी मदत नाकारली जाणार होती! त्यावर गावोगाव असंतोष उसळला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती अट शिथिल करावी लागली. निवडणूक जवळ नसती तर ती शिथिल झाली असती काय, हा प्रश्न आम्ही वाचकांच्या विवेकावर सोपवितो.

ज्यांची नावे अशा वेळी गळतात, त्यांकडे पाहिले तर जागृतीचा प्रश्न मुळातच वेगळा आहे हे ध्यानात येते. त्यांत वृद्ध आहेत, ज्यांचे बोट पडद्यावर थरथरते. आणि त्यांत स्त्रिया आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ग्रामीण पुरुषांपैकी ४८.७ टक्क्यांनी इंटरनेट कधी ना कधी वापरले असल्याचे आढळले. ग्रामीण स्त्रियांत हे प्रमाण २४.६ टक्के, म्हणजे निम्मे होते. निंदणी-खुरपणी, कापूस वेचणी, भाताची लावणी ही कामे कोणाच्या हातांनी होतात हे ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठा गट मात्र निराळाच आहे, आणि त्याच्याविषयी आमच्या शहरी वाचकांस थोडे कटू बोलणे भाग आहे. पुण्यामुंबईच्या किती सुशिक्षित कुटुंबांच्या नावे गावाकडे सात-बारा आहे? आजोबांची जमीन, चुलत्यांशी वाटण्या झालेली, वर्षातून एकदा जत्रेच्या निमित्ताने पाहावयाची. आणि ती कसतो कोण, तर गावातला एखादा बटईदार. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन ह्यांचे भय जमीनमालकांच्या मनातून अद्याप गेलेले नाही. कागद केला तर जमीन जाईल, ह्या धास्तीने करार तोंडी राहतो. पूर्वी ह्या तोंडी व्यवहारास मोजमाप नव्हते, म्हणून थोडी सैलसर माणुसकीही त्यात असे. अ‍ॅप खातेदारास ओळखते. कसणाऱ्यास ते ओळखत नाही. पीकविमा बटईदाराने काढावयाचा तर नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो, आणि तो करार तर कोणी करूनच देत नाही. परिणामी बियाणे, खत, मजुरी आणि कर्ज ज्याचे, त्याचे नाव कोठेही नाही. आणि गारपिटीची मदत जमा होते ती कोथरूडच्या किंवा पार्ल्याच्या बँकखात्यात. काही सज्जन ती रक्कम गावी पाठवितात, हे आम्हांस ठाऊक आहे. सारेच पाठवितात, असे छातीवर हात ठेवून कोणी सांगावे! अशा बटईदारास 'ई-पीक पाहणी'ची माहिती नाही म्हणणे हा त्याचा उपहास होय. त्यास माहिती आहे. त्याच्यासाठी त्यात रकाना नाही.

उलट ज्यांस यंत्राच्या खाचाखोचा कळल्या, त्यांनी काय केले तेही पाहावे. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा होता. नाममात्र शुल्काच्या ह्या योजनेत बोगस अर्जांचे पेव फुटले. सरकारी जमिनीवर, पडीक रानावर, नसलेल्या फळबागांवर विमे उतरविल्याचे उघडकीस आले, सुविधा केंद्रे चालविणाऱ्या काहींवर कारवाई झाली, आणि २०२५ मध्ये योजनाच बंद करण्यात आली. प्रामाणिक माणूस दाराशी ताटकळत राहावा आणि लबाडास मागील दाराची किल्ली सापडावी, हा दोष यंत्राचा नव्हे. बांधावर जाऊन 'येथे बाग आहे काय' असे पाहणारा माणूस काढून घेतला, की यंत्र जे सांगाल ते खरे मानते.

शेतकरी नवे साधन मनापासून स्वीकारतो केव्हा, ह्याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १९९८ मध्ये वारणेच्या खोऱ्यात, कोल्हापूर-सांगलीच्या सुमारे ७० गावांत, सहकारी संस्थांच्या साहाय्याने संगणक केंद्रे उघडण्यात आली. खेडे जगाशी जोडावयाचे, शेतकऱ्यास पिकांची, बाजाराची, शिक्षणाची माहिती द्यावयाची, अशी मोठी स्वप्ने होती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी ह्या केंद्रांचा अभ्यास केला तेव्हा आढळले, की शेतकरी तेथे येतो तो मुख्यतः आपल्या उसासाठी: माझ्या उसाचे वजन किती भरले, खताची मागणी कोठवर आली, बिल केव्हा निघणार. जगाच्या माहितीत त्यास रस नव्हता असे नाही. परंतु कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ती फिकी होती. मग संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवला आणि हीच उत्तरे छोट्या संदेशाने देण्याची सोय केली. शेतकऱ्यांनी ती आनंदाने उचलली, आणि संस्थेचा खर्चही कमी होणार होता. त्यासाठी ना जागृतीचे मेळावे भरवावे लागले, ना चित्ररथ फिरवावे लागले.

नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. २००३ मध्ये युरोपात कीटकनाशकांच्या अंशांवरून आपल्या द्राक्षांवर गंडांतर आले. त्यानंतर २००६ मध्ये 'अपेडा'ने 'ग्रेपनेट' ही प्रणाली आणली. बागेची नोंद, फवारणीचा हिशेब, प्रयोगशाळेचा अहवाल, सारे तीत नोंदले जाऊ लागले. नियम जाचक होते. तरीही बागाईतदार त्यांत तरबेज झाला, कारण त्या नोंदीच्या दुसऱ्या टोकास रॉटरडॅमचा ग्राहक उभा होता आणि त्याचे पैसे येत होते.

ह्याही मागे जावयाचे तर १९५६ चा पुण्याचा प्रयोग आठवावा लागेल. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकरी श्रवणमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोन वेळा, दहा आठवडे, गावातील वीसेक माणसे एका रेडिओभोवती बसत. कार्यक्रम ऐकून झाल्यावर ती त्यावर वाद घालीत, आणि त्यांचे प्रश्न व शंका पुणे केंद्राकडे जात. केंद्र त्यांस पुढील कार्यक्रमात उत्तरे देई. टाटा समाजविज्ञान संस्थेने ह्या गावांची तुलना इतर गावांशी केली. जेथे नुसता रेडिओ होता, तेथे ज्ञानात फारशी भर पडलेली नव्हती. जेथे मंडळ होते, तेथे ती ठळकपणे दिसली. पेटी तीच, आवाज तोच. फरक होता तो प्रश्न विचारण्याच्या मुभेचा आणि उत्तर मिळण्याच्या खात्रीचा. सात दशकांनंतर आपण त्या रेडिओहून कितीतरी समर्थ पेटी प्रत्येक खिशात ठेवली, आणि मंडळ तेवढे वगळले.

हवामानाच्या सल्ल्याचेही तसेच. जिल्हानिहाय सल्ला ऐकताना अहिल्यानगरच्या शेतकऱ्याने काय समजावे? त्याच जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीस पाऊस धो धो कोसळतो आणि जामखेडला आभाळाकडे डोळे लागलेले असतात. ही उणीव हवामान खात्यासही जाणवली असावी. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीपर्यंतचे अंदाज उपलब्ध झाले आहेत, आणि ही प्रगती खरोखर अभिनंदनीय आहे. पण तो अंदाज पंचायतीच्या संगणकात येऊन पडतो. तेथून तो फळ्यावर कोणी लिहावयाचा, आणि 'उद्या पाऊस आहे, तर आज युरिया टाकू नका' हे कोणी सांगावयाचे? हे सांगणारा माणूस म्हणजे कृषी सहायक. २०२५ मध्ये त्याचे पदनाम बदलून सहायक कृषी अधिकारी असे भारदस्त करण्यात आले. त्याच सुमारास ह्या वर्गाने केलेल्या आंदोलनातील एक मागणी अशी होती, की आम्हांस लॅपटॉप द्या, कारण शासनाची ऑनलाइन कामे आम्ही स्वतःच्या मोबाईलवर करीत आहोत. शेतकऱ्यांत डिजिटल जागृती करण्यासाठी ज्यांस धाडावयाचे, त्यांची ही अवस्था!

५०० कोटींच्या धोरणास आमचा विरोध नाही. बारामतीच्या उसाच्या फडात कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे प्रयोग चालले आहेत, ते उद्या कोरडवाहू तुरीच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचले तर आम्हांस हर्षच होईल. परंतु ज्या राज्यात सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टरांवर आली, तेथे शेतकऱ्याचा वेळ फुकटचा आहे असे धरून चालता येणार नाही. सव्वा हेक्टराचा धनी हंगामात पाच अ‍ॅपांचा कारकून होऊ शकत नाही. एकदा दिलेली माहिती दुसऱ्या खात्याने पुन्हा मागू नये. नोंदीचे काम ज्यास जमत नाही त्याच्यासाठी ते विनामूल्य करून देणारा माणूस गावात असावा. आणि कसणाऱ्याचे नाव, मालकी हक्कास बाध न येता, केवळ त्या हंगामापुरते नोंदविण्याची तरतूद कायद्याने करावी. म्हणजे मालकाची धास्तीही उरणार नाही आणि बटईदाराचे अस्तित्वही पुसले जाणार नाही. ह्यास नव्या सॉफ्टवेअरची नव्हे, विधिमंडळाच्या इच्छेची आवश्यकता आहे.

२०२६ च्या खरिपापासून वन्य प्राण्यांनी केलेल्या नुकसानीचाही पीकविम्यात समावेश करता येईल, असे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे. रानडुकरांनी एका रात्रीत भुईसपाट केलेला मका ज्याने पाहिला आहे, तो ह्या निर्णयाचे स्वागतच करील. अट अशी, की नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत, छायाचित्रासह, अ‍ॅपवरून दिली पाहिजे. शेतकऱ्यास बहात्तर तास. मग विमा कंपनीने पाहणीस किती तासांत यावयाचे, न आल्यास काय व्हावयाचे, आणि खबर पोहोचल्याची जी पावती शेतकऱ्याच्या मोबाईलवर उमटेल तिच्यावर जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक असेल की नसेल? हे संरक्षण राज्यात लागू करताना कृषी आयुक्तालयाने ह्या प्रश्नांची उत्तरे पेरणीपूर्वी, मराठीत आणि प्रत्येक चावडीच्या फळ्यावर जाहीर करावीत.